न वाचलेल्या पुस्तकांची यादी

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या पेठेतल्या एका डॉक्टरांना शास्त्रज्ञ व्हायची हौस आली. गृहस्थ विलायतेला कधी गेले नव्हते, पण दवाखान्यात बसतानाही हॅट डोक्यावरून उतरत नसे. त्यांनी नारूच्या रोगावर एक इंग्रजी लेख लिहून कलकत्त्याच्या एका वैद्यकीय मासिकाकडे पाठवला होता, तो परत आला. नाकारला नव्हता. लेखाच्या शेवटी दिलेले संदर्भ मासिकाच्या पद्धतीने लिहिलेले नाहीत, ते नीट करून पाठवा, असं कळवलं होतं, आणि सोबत नियमांचा छापील कागद जोडला होता.

"बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, टाइपरायटरही येतो तुम्हाला. एवढं काम करून द्या," डॉक्टर म्हणाले. मीही हुरळले. रोज शाळा सुटली की त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत जाऊन बसू लागले.

लेख सहा पानांचा आणि संदर्भांची यादी पाच पानांची. डॉक्टरांनी ती नावांच्या भारदस्तपणाप्रमाणे लावली होती. आधी जर्मन, मग फ्रेंच, मग इंग्रज, आणि सगळ्यांच्या खाली, जागा उरली म्हणून घेतल्यासारखा, मद्रासचा एक जण. मासिकाचा नियम अगदी साधा होता. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, कंसात साल, मासिकाचं नाव ठरलेल्या संक्षेपात, खंडाच्या आकड्याखाली रेघ, शेवटी पान. मी आडनावं लावून घेतली, स्वल्पविराम बसवले, रेघा मारल्या. यादी इतकी देखणी दिसू लागली की मीच स्वतःवर खूश झाले. त्या खुशीची आज लाज वाटते.

कारण काही ठिकाणी पानांचे आकडे नव्हते. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ही पुस्तकं जरा काढून द्या. पानं बघून घालते."

"कुठली पुस्तकं?"

"ही. यादीतली."

त्यांनी कपाटाकडे हात केला. कपाटात औषधकंपन्यांची कॅलेंडरं होती आणि एका इंग्रज डॉक्टरचा एक जाडजूड ग्रंथ. त्या ग्रंथाच्या शेवटची पानं उघडली आणि सगळं कळलं. आमची अख्खी यादी तिथून उतरवली होती. एका जर्मन आडनावात छापणाऱ्याने एक अक्षर गाळलं होतं. आमच्याकडेही ते गाळलेलंच होतं.

सुट्टीत मी पुण्याला बहिणीकडे गेले, तेव्हा ओळखीने एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिरून जे सापडलं ते पाहिलं. यादीतला एक लेख मेंढ्यांच्या यकृतावर होता. नारूचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. परत आल्यावर डॉक्टरांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "संपादक काय जर्मनीला जाऊन बघणार आहे? यादीला वजन असावं लागतं, बाई."

लेखात खरी अशी गोष्ट एकच होती, आणि ती ना जर्मनांची होती ना डॉक्टरांची. ती अव्वाची होती.

अव्वा शहराच्या पूर्व भागात राहायची. घर विणकरांचं, बोली तेलुगू, पण मराठी झकास. नारू म्हणजे पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभराने पायातून बाहेर पडणारा दोऱ्यासारखा किडा. त्याचं तोंड दिसलं की अव्वा ते कापसाच्या वातीभोवती गुंडाळायची आणि रोज थोडा थोडा ओढून काढायची, तुटू न देता. मी लहान असताना माझ्या घोट्यातला नारू तिनेच काढला होता. लेख लिहायच्या आधी डॉक्टरांना तिच्याकडे मीच घेऊन गेले होते. तेव्हा हॅट मांडीवर ठेवून त्यांनी सगळं उतरवून घेतलं होतं.

"पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी पिणाऱ्यांनाच व्हतं की," अव्वा म्हणाली होती. "त्यातबी जे दुपदरी धोतरातनं गाळून पितेत, त्यांच्या घरला मी कदी गेले न्हाय. लई वर्सं बघते मी."

त्या नियमांच्या कागदावर शेवटचं कलम होतं : माहिती छापील नसून कोणी तोंडी सांगितली असेल, तर त्या व्यक्तीचं नाव, गाव लिहावं आणि 'प्रत्यक्ष सांगितले' असं नोंदवावं. मी त्याप्रमाणे अव्वाचं नाव यादीत घातलं. डॉक्टरांनी लाल पेन्सिलीने ते खोडलं.

"शास्त्रीय मासिकात अडाणी बाईचं नाव? लोक हसतील."

"माहिती तिची आहे."

"माहिती कोणाचीही असते. लेख माझा आहे."

मी त्या नावाशिवाय स्वच्छ प्रत टाइप करून दिली. मेंढ्यांचं यकृत यादीत राहिलं, अव्वा गेली. टाइप मीच केलं, म्हणून नुसत्या डॉक्टरांना हसून माझी सुटका होत नाही.

दोन महिन्यांनी संपादकाचं पत्र आलं. माणूस वाचणारा निघाला. त्याने विचारलं होतं की, मेंढ्यांच्या यकृताचा इथे काय संबंध? लेखकाने स्वतः वाचलेले असतील तेवढेच संदर्भ ठेवावेत. आणि पाणी गाळण्याबद्दलचं निरीक्षण महत्त्वाचं आहे, ते कोणी केलं आणि किती वर्षं?

डॉक्टर पत्र घेऊन माझ्या शाळेत आले. वऱ्हांड्यात उभ्या उभ्याच म्हणाले, "लिहा, मी स्वतः, बारा वर्षं."

"तुम्हाला सोलापुरात येऊन चार वर्षं झाली," मी म्हटलं. "हे मी लिहिणार नाही."

पत्राची घडी खिशात घालून ते गेले. पुढे कंपाउंडरकडून निरोप आला, बाईंना यायची गरज नाही. उत्तर त्यांनी स्वतःच दोन बोटांनी टाइप केलं असावं. लेख छापून आला तेव्हा यादीत पाचच संदर्भ उरले होते, आणि पाणी गाळण्याच्या मजकुरापुढे 'लेखकाचे दीर्घ निरीक्षण' असं होतं. आठवड्याच्या आत तो लेख चौकटीत बसून दवाखान्याच्या भिंतीवर लागला. गावातल्या वकिलांनी हारतुरे आणून डॉक्टरांचा सत्कार केला. त्यांतल्या एकानेही लेख वाचला नव्हता, पण यादी पाहून सगळे भारावले होते.

मी संपादकाला चार ओळींचं पत्र लिहिलं. त्यात अव्वाचं नाव, पेठ, गाव, आणि तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांप्रमाणे. तीनेक अंकांनंतर मासिकाच्या मागच्या पानावर बारीक टाइपात दुरुस्ती आली. अव्वाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, पण नाव होतं. डॉक्टरांनी त्यानंतर रस्त्यात मला ओळख दिली नाही. मला त्याचं दुःख झालं नाही.

तो अंक घेऊन मी अव्वाकडे गेले आणि वाचून दाखवलं. ती एका बाईच्या पायाला वात बांधत होती.

"हे कोन वाचतं?" तिने विचारलं.

"डॉक्टर लोक."

"मुन्शिपाल्टीतले वाचतेत का? त्या विहिरीच्या पायऱ्या बुजवून रहाट बसवा, म्हंजे नारूवाल्याचा पाय पाण्यात बुडायचा न्हाय, म्हनून सांग की त्यांना."

मी अर्ज लिहिला आणि तो अंक जोडून नेऊन दिला. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सोबत डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र पाहिजे." पायऱ्या बुजायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. तोपर्यंत अव्वा वाती वळत होती आणि मी शाळेतल्या मुलींना पाणी दुपदरी फडक्यातून गाळायला शिकवत होते.