मॅलकीने ऐकलं

आमच्या शेजारच्या मॅलकीने जन्मभर कुणाचं ऐकलं नाही. लग्न कर, लग्न कर म्हणत आई गेली. डॉक्टरने लोणी बंद कर म्हटलं, तर याने डॉक्टरच बंद केला. ऐकायचा फक्त एकीचं. बहिणीच्या डेर्व्हलाचं.

शाळेच्या स्पर्धेत तिच्या गटाला मांसासाठी वाढवायची पाच काळी वासरं मिळाली, ती मॅलकीच्या गोठ्यात आली. वासरं वाढवायची, वर हवापाणी न नासवता गुरं कशी पाळावीत हे गावाला पटवायचं, अशी अट. मग काय, चर्चच्या हॉलमध्ये पोरगी आम्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांना शिकवायला उभी. म्हणे शेण उन्हावाऱ्यात शेतात टाकू नका, कस हवेत उडून जातो. ढगाळ, बिनवाऱ्याचा दिवस बघा. आम्ही चहाबरोबर ऐकलं आणि कपाबरोबर ठेवून दिलं. मागच्या बाकावर मॅलकी मात्र नव्या नवरदेवासारखा छाती काढून बसला होता.

आमच्या रॉसकॉमनकडे हिवाळाभर गुरं आत असतात, शेण गोठ्याखालच्या टाकीत साठतं. शेतात न्यायचं तर आधी ते ढवळावं लागतं. ढवळलं की विषारी वायू सुटतो, म्हणून ढवळायला चांगला वारा लागतो. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि मॅलकीने तर चाळीस वर्षं तेच केलं.

वसंतात एक दिवस अगदी डेर्व्हलाने सांगितल्यासारखा उगवला. धुकं, पान हलेना. भाचीच्या शब्दाखातर याला शेण त्याच दिवशी टाकायचं होतं. आधी तिची वासरं त्याने कुरणात सोडली. दारं उघडली, मशीन लावलं, आणि ढवळलं जातंय का बघायला मेला आत गेला.

डेर्व्हला शाळेतून आली तेव्हा मशीन चालूच होतं. तिची किंकाळी ऐकून मी धावले. ती गोठ्याच्या दाराशी पोचली होती. मी तिला घट्ट धरून ठेवलं, आणि ती मला बोचकारत राहिली.

मॅलकीला अंत्यदर्शनासाठी घरीच ठेवला होता. सगळा गाव येऊन घरच्यांशी हात मिळवून गेला. ती शवपेटीशेजारून हलेना.

"मी ढवळण्याचं बोललेच नाही, काकू."

"अगं, त्याला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. पण ऐकलं माझं."

 मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

वासरं मोठी होऊन कत्तलखान्यात गेली. स्पर्धा दुसऱ्या कुणी जिंकली. डेर्व्हला परत हॉलमध्ये उभी राहिली नाही. पण वारा सुटला की सकाळीच सायकलवरून दारोदार येते. आत येत नाही, चहा घेत नाही. "वारा आहे, काकू. आज ढवळून घ्या," एवढंच म्हणते आणि पुढे जाते. गावात तिला कुणी उलट बोलत नाही.

परवा आली तेव्हा माझी टाकी निम्मीसुद्धा भरली नव्हती. तरी ढवळली.