वर उचललेला पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. आईला झालेला त्रास सोडला तर या गोष्टीचा मला फायदाच झाला. हुबळीच्या कमरीपेठेत आमच्या गल्लीत कुणाच्या कमरेत उसण भरली, की तो डॉक्टरकडे जायच्या आधी आमच्या दारात येई. आई घोंगडी अंथरायची, आलेल्या माणसानं पालथं पडायचं, मी डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेत मारायची, आणि त्यानं न बोलता उठून जायचं. 'बरं वाटलं' एवढंही म्हणायचं नाही. उसण चार दिवसांत आपली आपणच सुटते हे मला फार पुढे कळलं. तोवर सगळं श्रेय माझ्या टाचेनं खाऊन टाकलं होतं.

बाबांना हे मुळीच खपत नसे. ते रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, घरात सकाळी बुद्धवंदना म्हणणारे आणि नवस, अंगारे, दृष्ट यांचा मनापासून तिटकारा असलेले. कुणी वाकडंतिकडं होऊन दारात आलं, की ते पेपर तोंडासमोर धरत आणि त्यामागून पुटपुटत, की आपण हिला शिकवायचं आणि हिनं लोकांना लाथा मारायच्या. पावसाळ्यात वीज चमकली मात्र, की तेच मला दंडाला धरून आत ओढत. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात ना. बाबांची विज्ञाननिष्ठा तेवढ्या एका ठिकाणी जरा डळमळायची.

पुढे मी धारवाडला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि हुबळीतल्याच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. विषय होता मल्टिपल मायलोमा आणि त्यात होणारी हाडांची नासाडी. हा हाडांच्या मगजातला, म्हणजे अस्थिमज्जेतला कॅन्सर. मगजातल्या एका जातीच्या पेशी माजतात आणि हाड आतून पोखरलं जातं. चांगल्या हाडातही मोडतोड आणि दुरुस्ती रोज चालूच असते. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं भरतात. या आजारात खाणाऱ्यांना ऊत येतो आणि भरणारे हात गुंडाळून बसतात. आईला मी सांगितलं, आपल्या गल्लीतल्या रस्त्यासारखं आहे बघ, खणणारे रोज येतात, बुजवणारे फिरकत नाहीत. तिला ते लगेच समजलं. माझ्या मार्गदर्शक सरांनाही हे वाक्य आवडलं, पण प्रबंधातून त्यांनी ते काढून टाकलं.

मला ते काम फार आवडायचं. मगजाचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या निळ्याजांभळ्या पेशी शोधायच्या. फुटक्या अंड्यातला बलक कडेला सरकावा तसं त्यांचं केंद्र एका बाजूला सरकलेलं असतं. मग रुग्णाच्या रक्तातली प्रथिनं, त्याचे एक्सरे, हे सगळं शेजारी मांडून कुणाची हाडं का जास्त पोखरली याचा माग काढायचा. कुणाच्या आजारपणातून आपल्याला इतकं सुख मिळावं का, असं कधी मनात यायचं. पण मिळायचं, हे खरं आहे.

एका दुपारी सर कमरेवर हात ठेवून, तिरके होऊन आत आले. दार लावलं, घसा साफ केला आणि म्हणाले की तू पायाळू आहेस असं ऐकलंय. मोठमोठ्या परिषदांतून व्याख्यानं देणारा माणूस! मी हसू दाबून जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि अतिशय आदरानं सरांना लाथ घातली. सर न बोलता उठले आणि निघून गेले. नियम त्यांना पाठ होता. माझ्या पोटात मात्र ही गोष्ट घरापर्यंतसुद्धा टिकली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळ्या गल्लीला ठाऊक होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईंची खानावळ होती. सगळे त्यांना अक्का म्हणत. चुलीशी कन्नड, आमच्या घरी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. माझं सगळं शिक्षण त्यांच्या ज्वारीच्या भाकरीवर आणि भरल्या वांग्यावर झालं होतं. जन्म भाकऱ्या थापण्यात गेल्यामुळे त्यांची पाठ दुखते, यात कुणालाच नवल वाटत नव्हतं. एका रविवारी सकाळी त्या आल्या आणि घोंगडीवर पालथ्या पडल्या. मी पाय उचलला.

उचलला तो तसाच राहिला. अक्कांना पालथं होताना लागलेला वेळ मी पाहिला होता. आल्याआल्या त्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. मी पाय मागे घेऊन खाली बसले आणि पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली. एका मणक्यावर बोट येताच त्या कळवळल्या. विचारलं तर म्हणाल्या, दिवाळीपासून दुखतंय, आणि परवा खोकताना बरगडीतही कट्कन झालं. ही उसण नव्हती, ही माझ्या अभ्यासातल्या आजाराची लक्षणं होती. मी गदग-हावेरीकडच्या रुग्णांचे एक्सरे गोळा करत फिरत होते आणि इथं रोज जिच्या हातचं खात होते तिच्याकडे बघितलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी म्हटलं, लाथ मारणार नाही, उद्या रुग्णालयात चला. अक्का उठून बसल्या. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"तुझ्या सराला मारलीस की गे. मला मारायला पाय दुखतोय काय?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. त्या पैलवानाकडं जातो मी."

पलीकडच्या पेठेत एक पैलवान होता, तोही पायाळू. भला माणूस, पण त्याची टाच म्हणजे उखळातलं मुसळ. आतून पोखरलेल्या मणक्यावर ती बसली असती तर मणका चेपून कमरेखालचं अंग जन्माचं गेलं असतं. मी मगज, पेशी, एक्सरे, सगळं सांगून पाहिलं. अक्का दाराकडे चालू लागल्या. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मला आजवर कुणी शिकवलेलं नव्हतं.

"तसं जाता येत नाही अक्का. एका पायाळूनं पाय उचलला की तो खाली येईपर्यंत दुसऱ्याचा पाय लावून घ्यायचा नसतो. पाठ कायमची जाते."

आई माझ्याकडे बघत राहिली. कोपऱ्यात बाबांनी पेपर खाली केला. आता ते सगळं उधळणार, असं मला वाटलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला.

"होय," ते म्हणाले. "तसंच असतंय ते."

अक्का दारात थांबल्या, एकदा बाबांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्यानं दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आल्या. रक्तातल्या प्रथिनांच्या चाचणीत मायलोमाची खूण असलेला तो जाड, गडद पट्टा मी स्वतः उमटताना पाहिला. कवटीच्या एक्सरेत किडीनं खाल्ल्यासारखी भोकं होती. सरांनी काही लपवलं नाही: हा आजार जात नाही, झोपतो, आणि कधीतरी जागा होतो. गोळ्या सुरू झाल्या, हाडं धरून ठेवणारं सलाईन दर महिन्याला, पाठीला पट्टा. काही महिन्यांनी अक्का पुन्हा खानावळीत दिसल्या, आता उंच ओट्याशी, खुर्चीवर बसून सुनांच्या भाकऱ्यांना नावं ठेवत. माझा तो नियम तेवढ्यात साऱ्या कमरीपेठेत पसरला होता. पैलवानसुद्धा येणाऱ्याला आधी विचारायचा, की कुणी पाय उचललेला नाही ना.

आजार बरीच वर्षं झोपून राहिला. जागा झाला तेव्हा माझा प्रबंध होऊन, लग्न होऊन मी धारवाडजवळ केलगेरीला राहायला गेले होते आणि बाबा नव्हते. माहेरी गेले की मी खानावळीत डोकावायचे. एकदा अशीच गेले असता अक्कांनी मला जवळ बसवून घेतलं. हात वाळून गेले होते, जीभ मात्र होती तशीच.

"पाय आता खाली ठेव गे. किती वर्षं वर धरशील?"

मी म्हटलं, अक्का, तो नियम मी बनवून सांगितला होता.

"ठाव हाय की मला. त्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "तुझा बाबा असल्या गोष्टीला जन्मात कधी होय म्हणाला होता काय? त्यो होय म्हणाला, तवा म्हटलं, हे जिवावरचं दिसतंय. म्हणून आलो तुझ्यासंगट."

मग त्यांनी सुनेला हाक मारून मला ताट वाढायला सांगितलं.