भूतकाळ पक्का करून घेणारे गुरुजी

आदरणीय डोमाजी गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिले ते नवेगावच्या बांधावर. तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. पण शेती भावांवर सोपवून त्यांनी शाळा धरली होती. वडिलांनी मला पुढे केले, तेव्हा त्यांनी नावही विचारले नाही. म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगशील?" मी मान हलवली. "मंग इंग्रजी येईल तुले."

इंग्रजीच्या परीक्षेसाठी त्यांनी दिलेली शिकवण मी आज माझ्या विद्यार्थ्यांना देतो. आधी सगळी प्रश्नपत्रिका वाचावी, मगच टाक उचलावा. वाक्य लहान लिहावे. अडेल ते सोडून पुढे जावे, शेवटी परत यावे. मान वळवू नये. क्रियापदांचे भूतकाळ मात्र ते चालता चालता म्हणून घेत. पायांनी पाठ केलेले विसरत नाही, असे त्यांचे मत.

आमच्या वर्षी मिडल स्कूलच्या परीक्षेला चौघे बसणार होतो. त्यातला सोमा दिवाळीनंतर तापाने गेला. 'ब्रिंग'चा भूतकाळ तो कायम 'ब्रिंग्ड' सांगे आणि गुरुजी त्याला उत्तर येईपर्यंत उभे ठेवत. ते कधी आलेच नाही.

परीक्षा भंडाऱ्याला होती. सडक अर्जुनीला बैलगाडी मिळणार. तिथवर जंगलातून पायी. माघातली सकाळ, दाट धुके. पुढे गुरुजी, मागे एका रांगेत आम्ही तिघे. गुरुजी क्रियापद विचारत, आम्ही पाळीपाळीने सांगत होतो. 'कॅच', 'कॉट'. 'टीच', 'टॉट'. मग गुरुजींनी विचारले, 'ब्रिंग'.

पाळी माझी होती. मी तोंड उघडण्याआधीच माझ्या पाठीशी कोणीतरी म्हणाले, "ब्रॉट."

रांगेत शेवटचा मी होतो.

पाखरे गप्प झाली. माझ्या पुढचा महादू रडकुंडीला आला. "गुरुजी, मांगं कोण बोलून राहिला जी? मी घरी जातो." तो फिरला असता तर आम्हीही पळालो असतो आणि वर्ष गेले असते.

"कोणी मांगं पाहू नोका," गुरुजी म्हणाले. त्यांनीही वळून पाहिले नाही. मग वर्गात बोलत त्याच आवाजात म्हणाले, "बरोबर, सोमा. बस आता खाली."

मागे वाळकी पाने दबली, कोणी हळूच बसावे तशी.

"चाला. 'थिंक'?"

"थॉट," महादू म्हणाला आणि आम्ही चालू लागलो.

आम्ही तिघेही पास झालो. निकालाच्या दिवशी गुरुजी चार घरी गेले. चौथ्या घरी मी सोबत होतो. सोमाच्या आईला ते म्हणाले, "बाई, तुमच्या पोराचं राहिलेलं उत्तर बरोबर आलं."

ती उंबऱ्यापर्यंत पुढे आली. "सोताच सांगतलं त्यानं?"

"सोताच."

तिने पदराने डोळे पुसले आणि आम्हाला बसायला चटई टाकली.

हा लेख लिहिण्याआधी मी गुरुजींना विचारले, "त्या दिवशी भेव नाही वाटला?"

"वाटला ना. पण सवाल मीच केलता. उत्तर देणाऱ्याले उभं कायले ठेवू?"

गुरुजींनी साठी गाठली तरी त्यांची चाल अजून आमच्यापेक्षा भरभर आहे. ती तशीच राहो, आवाज खणखणीत राहो, आणि आमची नातवंडेही त्यांच्या मागून रानवाटेने निर्भयपणे चालत जावोत, हीच आम्हा सर्व शिष्यांची मनापासून इच्छा.