ठिपकेकाकांच्या तीन रेघा

दुकानात शिरण्याआधी दारात थांबून बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या बघायचे. पेन्सिल कानावर ठेवून ती घरभर शोधायचे. नवा रस्ता दिसला की भरलेल्या दोन पिशव्या घेऊन चालून बघायचे. ‘रिकाम्या हाताने मोजलेलं अंतर खोटं,’ म्हणायचे.

दुकानांच्या एका मोठ्या साखळीसाठी नव्या जागा शोधणं हे त्यांचं काम. शहराच्या नकाशावर ते प्रत्येक दुकानाचा ठिपका काढत. मोठ्या दुकानाला मोठा, लहानाला लहान. म्हणून ठिपकेकाका. साहित्यातली पदवी घेऊन मी दारोदार फिरत होते, तेव्हा त्यांनी मला अहवाल लिहायला ठेवून घेतलं.

मंगळवारी ते झोपेतच गेले. मला अजून खरं वाटत नाही.

आईचं बटणं-दोऱ्यांचं दुकान आहे. त्याच रस्त्यावर आमच्या साखळीचं भलंमोठं दुकान येणार असं कळलं आणि आई हट्टाला पेटली. शेजारचा गाळा घ्यायचा, कपडे ठेवायचे, त्यासाठी राहतं घर गहाण टाकायचं. माझं ऐकेना. मी काकांना घेऊन आले.

त्यांनी गल्ल्यावर नकाशा पसरला.

“ताई, मोठे ठिपके बघा. थोडेच, आणि एकमेकांपासून लांब. बारके ढीगभर, मोठ्यांच्या कडेला चिकटलेले. मधल्या मापाचे दिसतात?”

आईने चष्मा लावला. “हे काय, आहेत की दोन.”

“एकाला कुलूप लागलंय. दुसरा गिऱ्हाईक शोधतोय. मालाला नाही, गाळ्याला.”

“म्हणजे बेडकीने फुगू नये, असंच ना?”

“बेडकी तुम्ही म्हणालात.”

“भाऊ, तुम्ही त्यांचे नोकर. तुम्ही त्यांचीच री ओढणार.”

“नोकर आहे म्हणून तर शहरं पाहिली. मोठं दुकान एक बटण सुटं देत नाही. तुम्ही देता. वाढू नका, सरका. त्यांच्या दारातून बसथांब्याकडे जाताना माणसं जिथे पिशवी खाली ठेवून हात बदलतील, तिथे बसा. मी चालून बघितलंय.”

आई फुगून बसली. मग एका सकाळी कुणाला न सांगता भरल्या पिशव्या घेऊन निघाली. कोपऱ्यावरच्या रिकाम्या खोलीपाशी तिनेही पिशव्या खाली ठेवल्या.

ती खोली भाड्याने घेतली. घर गहाण पडलं नाही. आज मी हे लिहितेय ते त्याच घरात बसून.

जाण्याआधीच्या शनिवारी काकांनी नव्या जागेत खडूने गल्ल्याची आखणी केली. तीन बाजू काढल्या आणि उठले.

“चौथी?” आईने विचारलं.

“गिऱ्हाईक कुठे उभं राहतंय ते आधी बघू. बुधवारी येतो.”

परवा मी म्हटलं, सुताराला बोलावू. आई म्हणाली, “थांब जरा.”

सध्या ती स्टुलावर डबे मांडून बसते. केर काढताना रेघांना वळसा घालते. चौथी बाजू काढायची राहिली आहे.