मॅलकी डोलनचं दुसरं वाक्य

ब्रोना गेराटी रॉसकॉमनकडची, शेतकऱ्याची पोर. पदवी घेऊन ती डब्लिनला नियामक कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून लागली, तेव्हा आईने साऱ्या गावाला सांगितलं की आमची ब्रोना आता बँकांवर लक्ष ठेवणार. प्रत्यक्षात पहिलं दीड वर्ष तिने फायलींना क्रमांक घालण्यात काढलं. दर सहा महिन्यांनी खातं बदलायचं, नवा साहेब, नवी खुर्ची. शेवटचे सहा महिने फर्गल टायननच्या हाताखाली, पतपेढ्यांच्या तपासणीत. त्याने मान डोलावली तर नोकरी पक्की, नाहीतर गाव आहेच.

त्या सहा महिन्यांत ते दोघे किलब्रॅकला गेले. एका गल्लीचं गाव, चर्चच्या मागे पतपेढी. खजिनदार मॅलकी डोलन, पोस्टातून निवृत्त झालेला, एकतीस वर्षं बिनपगारी हे काम करणारा. त्याने आल्या आल्या टेबलावर किटली आणि बायकोने भाजलेले स्कोन, छोटे गोडसर पाव, मांडले.

"नको, आम्हाला काही घेता येत नाही," फर्गल म्हणाला.

"घोटभर तरी?"

"नियम आहे."

मॅलकीने तिसऱ्यांदाही विचारलं. गावाकडे पहिले दोन नकार कोण धरतो? फर्गलचा तिसराही खरा निघाला, तेव्हा म्हातारा गोंधळला. स्कोन तसेच झाकून ठेवले.

प्रश्न ब्रोनाने विचारायचे होते. लोकांनी ठेवी एकदम परत मागितल्या तर किती रोकड हाताशी हवी, त्याचा नियम काय?

"मला कसलं गं कळतंय पोरी!" मॅलकी हसला. "मी आपला सांगतील तिथं सही करतो नि घरी जातो."

असं म्हणता म्हणता त्याने कपाट उघडलं, बरोबर ते पान काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. महिन्यामागून महिना, सगळं चोख. एकीकडे समासात त्याने नियमाचं कलमही पेन्सिलने लिहून ठेवलं होतं.

ब्रोनाला हे बोलणं नवं नव्हतं. तिच्या बापाने नांगरणीच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला, तेव्हा तो म्हणाला होता, ट्रॅक्टर आपोआपच सरळ गेला. त्या मुलखात "मला सगळं येतं" म्हणणाऱ्याला कोणी कोंबडीसुद्धा सांभाळायला देत नाही. उथळ पाण्यालाच खळखळाट. डब्लिनमध्ये वाढलेल्या फर्गलला हे ठाऊक नसेल. तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने नोंदीत दोन वाक्यं लिहिली. खजिनदार म्हणाले की आपल्याला नियम कळत नाही, सांगतील तिथे आपण सही करतो. मात्र त्यांच्या कागदपत्रांवरून त्यांना नियम पूर्ण ठाऊक असल्याचं दिसतं.

फर्गलने कागद वाचला. "पहिलं वाक्य झकास आहे. दुसरं तो बोलला की तुझं मत?"

"माझं... म्हणजे, मला दिसलं ते."

"तू बघ बाई. नोंद तुझी आहे."

त्याने खोडलं नाही. पुढे अकरा वर्षं तिने स्वतःला सांगितलं की फर्गलने खोडलं. खोडलं तिने. नोकरी पक्की व्हायला वीस दिवस होते, आणि तिला झकास म्हणवून घ्यायचं होतं.

वरच्यांनी त्या एका वाक्यावरून मॅलकीला अपात्र ठरवलं. त्याने राजीनामा दिला, वर्षभरात किलब्रॅकची पतपेढी मोठ्या गावच्या पतपेढीत गेली. ब्रोना पायऱ्या चढत गेली आणि पस्तिशीच्या आत मॅनेजर झाली, खिडकीजवळच्या खोलीसकट. तिची ती नोंद नमुना ठरली. दर सप्टेंबरात नव्या पोरांना ती नोंद ब्रोनाच शिकवायची: ऐकलं ते लिहा, वाटलं ते नको. आधी आणखी एक वाक्य होतं, हे मात्र तिने कधी सांगितलं नाही.

यंदा सप्टेंबरात आईचा फोन आला. आई रोज सकाळी आधी मृत्यूच्या बातम्या वाचते, मग चहा घेते.

"किलब्रॅकचा मॅलकी डोलन गेला गं. पोस्टातला. सोन्यासारखा माणूस! डब्लिनहून कोणी टिकोजी आले होते म्हणे, त्याला कागदावर अडाणी ठरवून गेले. तेव्हापासून चर्चमध्ये दानाचं ताट फिरवायचं त्याने सोडलं. शेवटच्या बाकावर बसायचा. तू ओळखायचीस का?"

"एकदा भेटले होते," ब्रोना म्हणाली.

ब्रोना किलब्रॅकला अंत्यदर्शनाला गेली. गाडीत तिने वाक्य घोकलं: ते टिकोजी म्हणजे मी, आणि मला खरं ठाऊक होतं. रांग दारापर्यंत होती. शवपेटीशेजारी मुलगी असिंप्टा एकेकाचा हात हातात घेत होती.

"वाईट झालं," ब्रोना म्हणाली. "मी ब्रोना गेराटी. डब्लिनची. कामानिमित्त..."

असिंप्टाने तिचा हात सोडला नाही. "ती मुलगी तुम्ही? बाबा तुमची आठवण काढायचे. आम्ही चिडलो की म्हणायचे, त्या पोरीला बोल लावू नका. मीच आपल्या तोंडाने बोललो, तिने बिचारीने बोललो तेवढंच लिहिलं."

मागचा माणूस पुढे सरकला. ब्रोनाने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "आभारी आहे." आभारी! स्वतःचीच तिला किळस आली.

"चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं," असिंप्टा म्हणाली.

ती एकदाही नको म्हणाली नाही. कोपऱ्यात उभी राहून तिने चहा घेतला, स्कोनही खाल्ला, आणि कोणाशी न बोलता गाडी काढली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी नव्या पोरांचा वर्ग होता. पडद्यावर तिची नोंद होती, नावं झाकलेली. तिने फळ्यावर दुसरं वाक्य लिहिलं, शब्द न् शब्द. अकरा वर्षांत त्यातला एकही ती विसरली नव्हती.

पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, हे मूळ नोंदीत का नाही?"

"कारण मी काढलं. खरं होतं, ते मला ठाऊक होतं, तरी काढलं. नोकरीसाठी."

त्या मुलीने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "मग त्या गृहस्थांना कळवलंत का?"

"नाही," ब्रोना म्हणाली. "मंगळवारी पुरलं त्यांना."