मुलगा होण्याचं औषध

सासूला आधी खोलीबाहेर घालवायचं, दाराला कडी लावायची, मगच सिस्टर विचारायच्या, "पोटुशी असताना काय काय खाल्लंस, माय? समदं सांग. मी वरडणार न्हाई."

लातूरच्या आमच्या केंद्रात उशिरा चालणारी, ऐकू न येणारी, व्यंग घेऊन जन्मलेली मुलं येतात. मी त्यांना बोलायला शिकवतो. सिस्टर मूळच्या मुखेडकडच्या. आयांच्या गर्भारपणाची माहिती लिहून घेणं हे त्यांचं काम. बाहेर आल्या की त्या साबणानं कोपरापर्यंत हात धूत. "शिसारी येती हो, सर," म्हणत.

तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही आली असती. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट निघायची: दुसऱ्या महिन्यात घेतलेली, मुलगा होण्यासाठीची पुडी. पुडीवर नाव नाही, गाव नाही. गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झालेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. डॉक्टर म्हणत, प्रत्येक व्यंग पुडीमुळेच आलं असं छातीठोक सांगता येत नाही. पण बाळाचे अवयव घडत असतात, नेमकं तेव्हाच हे पोटात जातं.

शिरूर अनंतपाळची एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन यायची. त्याला शब्द चारच येत, आणि उजव्या हाताला अंगठा नव्हता. एकदा तिची सासू सिस्टरांच्या कानाशी लागली. "धाकल्या सुनेला दिवस गेलेत. त्या औषधवाल्याचा नंबर हाय का तुमच्याकडं? आमच्याकडला हरवला."

त्या दिवशी सिस्टरांनी डबा उघडलाच नाही.

पुढच्या आठवड्यात त्या मला घेऊन एसटीनं त्या औषधवाल्याकडे गेल्या. पत्ता त्यांना कसा ठाऊक, हे मी तेव्हा विचारलं नाही. मुखेडजवळचं खेडं. पांढरेशुभ्र कपडे, गोड बोलणं. आम्हाला चहा दिला. भिंतीवर त्याच्या औषधानं झालेल्या मुलांचे फोटो होते, सगळे पाळण्यातले.

"मोठं झाल्यावरचे न्हाईत का?" सिस्टरांनी विचारलं, आणि त्या अंगठा नसलेल्या पोराबद्दल सांगितलं.

"पोरगाच झाला ना?" बशी फुंकत तो म्हणाला. "ग्यारंटी पोराची व्हती. हातापायाची न्हाई."

मी कप खाली ठेवला.

तक्रार करायची तर निदान एका आईनं नाव द्यायला हवं होतं. सिस्टर घरोघर फिरल्या. सगळीकडे एकच उत्तर, "आम्हाला गावात ऱ्हायचं हाय, बाई." शेवटी त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला आणि मला वाचायला दिला. औषध घेणारी म्हणून नाव त्यांचंच होतं. दोन मुलींनंतर, नर्सची नोकरी करत असताना, त्यांनी याच माणसाची पुडी घेतली होती. मुलगा आता एकवीस वर्षांचा. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येणारा.

"त्या औषधवाल्यानं मला वळखलं बी न्हाई," त्या म्हणाल्या.

खरं सांगतो, त्या क्षणी मला सिस्टरांचीच किळस आली. "सासूनं दिलं होतं का?" मी विचारलं.

"न्हाई. मीच गेले व्हते. समदं माहीत असून गेले."

"मुलाला ठाऊक आहे?"

"आज सांगते."

अधिकारी आले, पुड्या नेल्या, त्या घराला सील लागलं. खटला अजून चालू आहे. केंद्रात कुजबुज झाली, काही आयांनी सिस्टरांशी बोलणं टाकलं. शिरूरच्या आईनं मात्र येऊन आपलंही नाव दिलं. धाकट्या जावेला तिनं पुडी घेऊ दिली नव्हती. तिला सरकारी दवाखान्यात दाखवून आली होती. सिस्टरांचा मुलगा, ऐकलं ते असं, चार महिने आईशी एक अक्षर बोलला नाही.

यंदा सिस्टर निवृत्त झाल्या. न्यायला तोच मुलगा आला होता, मोटारसायकल घेऊन. गेटबाहेर पडता पडता त्या मागच्या सीटवरून काहीतरी म्हणाल्या. त्यानं गाडी भर रस्त्यात बंद केली, हेल्मेट काढलं आणि मागे वळला.

"काय म्हनलीस, माय?"

मागचे ऑटोवाले हॉर्न वाजवत होते. त्या पुन्हा सांगू लागल्या, सावकाश, आणि तो त्यांच्या ओठांकडे बघत राहिला.