नेल्वाच्या छपरावरची चांदणी

आयांपे नदीच्या काठी दोमितिलाची अर्धी हयात एका पक्ष्यामागे गेली. अंगठ्याएवढा हमिंगबर्ड, भुंग्यासारखा गुणगुणत संथ उडणारा. गावात त्याला चांदणी म्हणतात. लांबून लांबून लोक तो बघायला यायचे आणि दोमितिला त्यांना रानात न्यायची. पण चांदणीचं घरटं काही तिला कधी सापडलं नाही.

ते सापडलं नेल्वाला. तिच्या धाकट्या बहिणीला, जिला पक्षी म्हटलं की रश्श्यातली कोंबडीच आठवायची!

"ताई, माझ्या छपरावरच्या फांदीत काहीतरी इवलंसं बसलंय. बघ बरं, तुझी ती चांदणी तर नव्हे?"

दोमितिलाने दुर्बीण लावली. सुपारीएवढं घरटं आणि त्यात मादी. फिकट गळा, तांबूस पोट, डोळ्यामागून मानेकडे उतरलेली पांढरी रेघ. तीच! दोमितिलाचा जळफळाट झाला. आईचं घर नेल्वाला, हौशी नवरा नेल्वाला, आणि आता हेही?

"छे गं," ती म्हणाली. "ही दुसरी जात, आखूड शेपटीवाली. उकिरड्यावरसुद्धा दिसते."

दुसऱ्या दिवशी न राहवून ती पुन्हा बघायला आली, तर नेल्वा कोयता घेऊन शिडीवर चढलेली.

"ही फांदी सारखी पत्र्यावर घासते. तुझी चांदणी असती तर ठेवली असती बाई."

दोमितिलाच्या मनात आलं, छाटू दे की. कुणाला कळणार होतं? पण नेल्वाने कोयता उगारला, मादी भुर्रकन उठली, आणि दोमितिलाच्या तोंडून किंकाळीच फुटली, "नेल्वे, उतर खाली! तीच आहे ती!"

"मग काल काय सांगितलंस?"

"खोटं सांगितलं. तुझ्या दारात आली म्हणून."

नेल्वा सावकाश उतरली. "लहानपणी माझ्या बाहुलीचे केस कापलेस ना, तेव्हाही अस्संच तोंड झालं होतं तुझं," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

मादी परतली. पिल्लं उडेपर्यंत नेल्वाच्या अंगणात पाहुण्यांची रीघ लागली. दोमितिलाच त्यांना घेऊन यायची, कुजबुजत पांढरी रेघ दाखवायची. नेल्वा मासळीचं सार वाढता वाढता ठसक्यात सांगायची, "आमची चांदणी हो!"

दोमितिला ते दात आवळून ऐकायची. आणि रोज पहाटे एकटीच नदीकाठी जायची, दुसरं घरटं शोधायला.